न विरघळणारी पूड

मित्रांनो, मी एका जुन्या डब्याच्या तळाशी उरलेली चिमूटभर पांढरी पूड आहे. हा डबा घाटकोपरला डॉक्टर मार्तंड कोतवालांच्या क्ष-किरण दवाखान्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर असतो. माझं नाव बेरियम सल्फेट. कंपाउंडर जयवंत 'बेरीम' म्हणतो, आणि मी तेवढ्यावर ओ देते.

दिसायला मी मैद्यासारखी. पण डबा उचलणारा माणूस हमखास फसतो, कारण मी दिसते त्यापेक्षा खूप जड आहे. माझा दुसरा गुण म्हणजे मी कशातच विरघळत नाही. पाण्यात घाला, आम्लात घाला, मी आपली तशीच. तिसरा गुण असा की क्ष-किरणांना मी वाट देत नाही. हाडांचं चित्र त्या किरणांनी आपोआप निघतं, पण जठर आणि आतडी मऊ असल्यामुळे किरण त्यांच्यातून आरपार निघून जातात. मग मला पाण्यात कालवून रोग्याला पाजतात. मी पोटात जिथे जिथे जाते, तिथली सावली डॉक्टरांच्या पडद्यावर उमटते.

माझा जन्म कडप्प्याच्या खडकातला. तिथून आम्ही गोणी भरभरून निघालो. माझ्या काही बहिणी भांडुपच्या कारखान्यात रंगाला दाटपणा आणायला गेल्या, काही कागद गुळगुळीत करायला, तर काही पार आसामात तेलाच्या विहिरी खोदताना चिखलाला वजन द्यायला. मला मात्र भट्टीत घालून, आम्ल पाजून, धुऊन-धुऊन इतकं शुद्ध केलं की माणसाच्या पोटात जायची परवानगी मिळाली. हे सोपं नव्हे. आमच्या घराण्यात बेरियम कार्बोनेट नावाचं एक चुलत भावंड आहे. तेही पांढरंच, पण ते जठरातल्या आम्लात विरघळतं आणि रक्तात शिरतं. उंदीर मारायला वापरतात त्याला. आमच्यात फरक तेवढाच: ते विरघळतं, मी विरघळत नाही. म्हणून नवा डबा आला की कोतवाल डॉक्टर त्याच्यावरचं नाव बोट ठेवून अक्षर-अक्षर वाचतात. जयवंत पाठीमागे हसतो. मी हसत नाही.

दवाखान्यात मी चार वर्षं काढली. एकशे एकोणीस माणसांच्या पोटांतून माझा भाग फिरून आला, आणि मोजदाद ठेवायची मला खोड आहे. वकील मंडळी आधी दहा प्रश्न विचारतात आणि मग अर्धाच ग्लास पितात. पहिलवान गडी वास घेऊनच मागे सरतात. पोरं गटकन पितात आणि विचारतात, आणखी आहे का. ग्लास संपल्यावर माझं कौतुक कुणी करत नाही. सगळे म्हणतात, "डॉक्टरांनी बरोबर शोधून काढलं."

त्या गुरुवारी मुलुंडहून नलिनी आली. शाळेत शिकवणारी, तिशीच्या आतली, चेहरा उतरलेला. सहा महिने जेवण झालं की तासाभरात पोटात कळ उठायची आणि पुष्कळदा उलटी व्हायची. तिच्या सर्जननी सांगितलं होतं, जठराच्या खालच्या तोंडाशी वाट बंद झालेली दिसते. कोतवालांनी काढलेलं चित्र पाहू आणि त्यातही वाट बंदच दिसली तर सोमवारी पोट उघडू. नवरा श्यामसुंदर ऑफिसात होता, म्हणून सोबत सासू आल्या होत्या. त्यांचं नाव रुक्मिणीबाई. मालवणच्या. नऊवारी घट्ट नेसलेल्या, हातात पाण्याचा तांब्या आणि त्यावर पालथं फुलपात्र.

आमच्या दवाखान्याची एक पद्धत होती. पडद्यावरच्या अंधुक सावल्या दिसाव्यात म्हणून डॉक्टर आधी वीस मिनिटं तांबड्या काचांचा चष्मा लावून डोळ्यांना अंधाराची सवय करायचे. पूर्वी रोग्याला आतच पाजत. पण एकदा अंधारात कुणाचा तरी ग्लास यंत्रावर सांडला, तेव्हापासून जयवंत बाहेर बाकावर पाजून मग आत नेऊ लागला. त्या दिवशी त्याने मला ढवळून ग्लास नलिनीच्या हाती दिला, आणि तेवढ्यात विजेचा दाब उतरला म्हणून त्याला मीटरकडे धावावं लागलं.

"ढवळून प्या हां, बाई. मी आलोच," तो जाता जाता म्हणाला.

नलिनीने ग्लास तोंडाला लावला, तोच रुक्मिणीबाईंनी मनगट धरलं.

"थांब गे नलू. ह्यो तर चुनो."

"औषध आहे ते, आई."

"औषध असांदे. पण चुनो तसोच्या तसो कोण पिता? माझी चार पोरां निवळीवर वाढली. खाली बसांदे त्येका."

मित्रांनो, तुमच्या आजीला विचारा. चुना पाण्यात कालवायचा, झाकून ठेवायचा, गाळ खाली बसला की वरचं स्वच्छ पाणी अलगद ओतून घ्यायचं. ती निवळी. पोटाच्या तक्रारीवर घरोघर देतात. चुना पाण्यात थोडासा विरघळतो, म्हणून त्या निवळीत त्याचा गुण उतरतो. माझं तसं नाही. माझ्यावर उभं असलेलं पाणी म्हणजे नुसतं पाणी.

नलिनी दुखण्याने थकली होती, आणि सासूशी वाद घालण्याचा तिचा अनुभव काही फारसा यशस्वी नव्हता. ती ग्लास बाकावर ठेवून बसली. मीही माझ्या स्वभावाप्रमाणे तळाशी बसले. रुक्मिणीबाईंनी वरचं पाणी थेंब न सांडता फुलपात्रात घेतलं आणि सुनेला पाजलं. खाली राहिलेली मी बाकाशेजारच्या कुंडीतल्या तगरीच्या मुळाशी गेले. वर त्यांनी ग्लास तांब्यातल्या पाण्याने विसळून लख्ख केला. जयवंत परत आला तेव्हा खूश झाला. एवढा स्वच्छ ग्लास त्याला चार वर्षांत कुणी परत दिला नव्हता.

आत नलिनी पडद्यामागे उभी राहिली. यंत्र गुरगुरलं. फासळ्या दिसल्या, मणके दिसले. जठराच्या जागी काहीच नाही.

"जयवंत, बाईंना पाजलंस ना?"

"पाजलं की साहेब. ग्लास चाटूनपुसून रिकामा."

"प्यायलात ना तुम्ही?" डॉक्टरांनी नलिनीला विचारलं.

"प्यायले," ती म्हणाली. खोटं नव्हतंच ते.

डॉक्टरांनी दिवा लावला आणि जयवंतला बाहेर नेऊन सुनावलं. "पूड बाद झालेली दिसते. डबा उघडा टाकत असशील. फेकून दे तो. नवा यायला आठवडा लागेल, आणि ह्यांचं ऑपरेशन सोमवारी. आता चित्राशिवायच पोट उघडावं लागणार."

बाद झाली म्हणे. मित्रांनो, खडकात लाखो वर्षं काढलेली मी, जयवंतच्या फळीवर चार वर्षांत बिघडेन? पण मला कोण विचारतो? जयवंतने डबा उचलून केराच्या पिंपाशेजारी ठेवला. तळाशी एका ग्लासापुरतीच मी उरले होते.

बाकावर बसलेल्या रुक्मिणीबाईंनी हे सगळं ऐकलं. इथे मी श्वास रोखला, म्हणजे पुडीला जेवढा रोखता येतो तेवढा. कारण खरं काय झालं ते आम्हा तिघींनाच ठाऊक होतं: एक सून, ती आतल्या टेबलावर आडवी होऊन छताकडे बघत होती, एक मी, मला वाचा नाही, आणि एक त्या स्वतः. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. दोष माझ्यावर आणि जयवंतवर गेलाच होता. शिवाय लग्नाला सहा वर्षं झाली, सुनेसमोर 'माझं चुकलं' असं त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. आज ते म्हणायचं, तेही परक्या माणसांदेखत.

त्यांनी फुलपात्र तांब्यावर पालथं घातलं, पुन्हा सुलटं केलं. मग उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"त्येका कित्याक बोलतास, डॉक्टर? मी दिलंय हिका. वरची निवळी. खालचा सगळा झाडात ओतलंय."

 जयवंतने तोंडावर हात धरला, बहुधा हसू लपवायला. डॉक्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की हात आपोआप खाली आला.

"आजी, तो चुना नाही," ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "बसा. ही पूड पाण्यात उतरत नाही. जे दिसायला हवं, ते सगळं तळाशीच असतं. निवळी प्यायल्या म्हणजे त्या पाणीच प्यायल्या."

"म्हणजे चूक माझी."

"हो. पण सांगितलंत, तेव्हा आता दुरुस्त करता येईल. जयवंत, डबा."

जयवंत पिंपाकडे पळाला.

नलिनी आतून दारापर्यंत आली होती. रुक्मिणीबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या जयवंतच्या हाताखाली चमचा फिरतो तो बघत होत्या. "पाचशे वेळा ढवळ. आणि दी हडे तो ग्लास. आधी मी चाखतंय."

"आजी, एका ग्लासापुरतीच आहे हो."

"बोटभर घेतंय रे. पोरीच्या पोटात काय जाता ता माका कळाक नको?"

त्यांनी करंगळी बुडवून मला जिभेला लावलं. तोंड वाकडं झालं. मग ग्लास स्वतःच्या हाताने नलिनीच्या ओठांना लावला आणि ती पीत असताना मधूनमधून हलवत राहिल्या. शेवटी ग्लासात पाणी घालून तेही पाजलं.

या वेळी मी माझं काम केलं. घशातून जठरात उतरले, त्याच्या घड्यांवर पसरले आणि खालच्या दाराशी जाऊन थांबले. सर्जन ज्या वाटेची काळजी करत होते ती ही. थोडं आकसलेलं होतं दार, पण ते उघडलं आणि मी सरळ पुढे गेले. पलीकडच्या भिंतीला वाटाण्याएवढा एक खळगा होता. त्यात मी जराशी साचले, म्हणजे डॉक्टरांना तो नीट दिसावा.

"वाट मोकळी आहे," अंधारातून डॉक्टरांचा आवाज आला. "लहानसा व्रण आहे. सर्जनशी मी आजच बोलतो. सोमवारी पोट उघडायचं काही कारण मला दिसत नाही. विश्रांती, औषध आणि खाण्याचं पथ्य, दीड-दोन महिने."

दाराबाहेर कुणीतरी बाकावर एकदम बसल्याचा आवाज आला.

नलिनी बाहेर आली तेव्हा ओठांना अजून माझा पांढरा लेप होता. रुक्मिणीबाईंनी पदराने तो पुसला. मग डॉक्टरांकडे वळल्या.

"हिका आता काय खाऊक घालू, ता सांगा. माझ्या मनान नाय करूचंय."

नलिनीने सासूकडे चमकून पाहिलं. दूध, मऊ भात, तिखट बंद, थोडं थोडं आणि वेळेवर, असं डॉक्टर सांगत गेले, आणि रुक्मिणीबाई एकेक गोष्ट पुन्हा म्हणून घेत होत्या.

मित्रांनो, आठवड्याने नवा डबा येईल आणि माझा जुना डबा धुतला जाईल. त्याआधी तुमच्याकडे एवढंच मागते. सगळं पांढरं एकसारखं समजू नका, डब्यावरचं नाव वाचा, आणि कळलं नाही तर लाजू नका, विचारा. आणि तुमच्या घरातलं एखादं वडील माणूस कधी चारचौघांत 'चूक माझी' म्हणालं, तर हसू नका. मी इतकी जड, तरी मला लोक नाक धरून गिळून टाकतात. ते दोन शब्द तोंडाबाहेर काढायला त्याहून जास्त बळ लागतं, हे मी तळाशी बसून पाहिलं आहे.