शकुनबाईंच्या गच्चीवरचं ऊन

मित्रांनो, मी फार जुनी नाही. अकोल्यातल्या एका गच्चीवर बसवलेली सोलरची प्लेट आहे मी. चारच उन्हाळे पाहिलेत. पण फसवणूक कळायला तेवढे पुरतात.

एक अडचण आधीच सांगते. माझं आयुष्य उजाडल्यावर सुरू होतं आणि मावळलं की थांबतं. त्यामुळे ही गोष्ट मधे मधे तुटेल.

मी येण्याआधी ही गच्ची वाळवणाची होती. कुरड्या, सरगुंडे, मुगवड्या. शकुनबाई ती सोडायला तयार नव्हत्या. पण त्यांचे यजमान शालिकराम जन्मभर जिनिंगमध्ये राबलेले. कापसाच्या धुळीने छाती भरलेली. डॉक्टरांनी रात्री एसी लावायला सांगितलं होतं, आणि त्याचं बिल झेपणारं नव्हतं.

प्लेटा बसवणारा देवमन म्हणाला, "काकू, दिवसा वीज तारेत टाका, राती तेवढीच घरात घ्या. कुरड्या नाही का तुमी उन्हाळ्यात वाळवता अन् पावसाळ्यात तळता? तसंच."

"मंग बसव बाप्पा," शकुनबाई म्हणाल्या आणि वाळवणाची खाट उचलली.

मावळलं.

उजाडलं. शकुनबाई ओलं फडकं घेऊन आल्या. माझी काच पुसत म्हणाल्या, "झोपले राती ते. तुह्या जीवावर."

त्या दिवसा पंखाही लावत नसत. पदराने वारा घेत. वाळवणातलं उन्हाळ्यात चिमूटभरही तळायचं नाही, ही त्यांची शिस्त. विजेलाही त्यांनी तीच लावली. सगळं रात्रीसाठी. आणि मी, वेडी, त्यांचा घाम पाहून अभिमानाने तळपत होते.

मावळलं.

या वर्षी बातमी आली की वीज मोजणीचे नियम बदलणार. निर्णय काही होईना. सुनावणी पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. बिल मात्र थांबलं नाही. ते नव्या पद्धतीनेच येऊ लागलं.

"काहून रे देवमन, म्या दिवसा टाकलेली वीज गेली कुठं?"

"दिवसाची दिवसातच धरून राहिले, काकू. रातच्या विजेचे येगळे पैसे. निकाल लागला का मंग पाहू म्हणतात."

"तवरक यायनं श्वास पुढं ढकलायचा का?" शकुनबाईंनी जिन्याकडे हात केला.

देवमनलाही कुणीतरी 'दिवसा टाका, राती घ्या' हाच शब्द दिला होता.

जिन्यातून शालिकराम म्हणाले, "राहू दे वं शकुन. टेबलफॅन पुरते मले." पुढचं खोकल्यात गेलं.

मी हे ऐकत होते आणि ऐकता ऐकता तारेत वीज ओतत होते. मला थांबता येत नाही, मित्रांनो. ज्यांनी शब्द मोडला त्यांच्याच हाती मी दिवसभर देत राहिले.

मावळलं. त्या रात्री एसी बंद होता. सकाळच्या खोकल्यावरून कळलं.

आज शकुनबाई फडकं न घेता आल्या. काखेत जुनी चादर, हातात कुरड्यांचा साचा, चुलीवरून उतरवलेला चीक. घराला दिवसा लागतात तेवढ्या प्लेटा त्यांनी उघड्या ठेवल्या. मग माझ्यापाशी थांबल्या. काचेवरून एकदा हात फिरवला.

"तुह्यावर राग नाही वं बाई. पण आता फुकट नाही द्यायचं कोणाले."

चादर माझ्यावर पसरली. वर कुरड्या पडू लागल्या, गरम, एकेक.

मित्रांनो, काचेवर धूळ बसली तर पुसता येते; मोडलेल्या शब्दाचं तसं नाही. कुणाला शब्द द्याल तेव्हा आठवा, त्याच्या भरवशावर एखादी बाई आपली गच्ची मोकळी करून देते, भर उन्हात पंखा बंद करून बसते. तो शब्द जपा.

चादरीच्या वर टळटळीत ऊन आहे. खाली मात्र मावळलं, आणि मी