यादीतलं घर

बटाट्याचा शेवटचा पट्टा काढायचा राहिला होता. जमीन वरून दगडासारखी वाळलेली आणि आत ओल धरून बसलेली. थोरली कुदळीनं माती फोडत पुढं सरकत होती, मागून आत्या बटाटे वेचत होती. आभाळ गढूळ होऊन खाली उतरलं होतं. पावसाच्या आत पट्टा उरकला नाही तर माल जागच्या जागी सडणार होता.

पण थोरलीचं चित्त कामावर नव्हतं. मतदारयादीत नाव घालायचा आज शेवटचा दिवस. ती चोवीस वर्षांची झाली, तरी तिचं नाव यादीत नव्हतं. दर खेपेला तेच. यादीवाले मास्तर भर दुपारी यायचे, बाया रानात असायच्या, आणि चहाच्या टपरीवर बसलेले बाप्ये आपापलं घर तोंडी सांगून मोकळे व्हायचे. मुलगा अठराचा झाला की त्याचं नाव आधी. मुलीचं विचारलं, की ती जायचीच आहे सासरी, तिकडं घालतील.

आत्याच्या बाबतीत तर हा सगळा खेळ होऊन गेला होता. इथं कसंबसं लागलेलं नाव लग्न झालं तसं कापलं. सासरी आधी नांदू दे म्हणत दहा वर्षं घालवली, मग एकदाचं घातलं. नवरा गेला, ती माहेरी परत आली, तसं तिथलंही गेलं.

"जा तू. पट्टा मी बघते," आत्या म्हणाली. "माझी कुणी चौकशी केली तर सांग, अजून जित्ती आहे म्हणून."

थोरली तशीच मातीच्या हातांनी टपरीवर गेली. मास्तरांनी तिला ओळखलं. शाळेत त्यांच्या हाताखाली ती पाटीवर मोत्यासारखं अक्षर काढायची. अर्ज त्यांनी स्वतः पुढं सरकवला आणि तिनं तो एका दमात भरला. आता एकच राहिलं होतं. ही आमच्याच घरात राहते, अशी यादीत नाव असलेल्या घरच्या माणसाची सही.

बाप तिथंच बाकावर बसला होता. त्यानं अर्जाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"वर्षभरात हिचं लग्न उरकायचंय, मास्तर. कशाला उगाच घाला आणि काढा?"

"मागच्या यादीच्या वेळीही वर्षभरातच उरकायचं होतं," मास्तर म्हणाले. "आणि तुमच्या बहिणीचं काय झालं, ठाऊक आहे ना?"

बापाचा हात काही पुढं आला नाही. मास्तरांनी बापाशेजारी बसलेल्या तिच्या धाकट्या भावाकडं पाहिलं. त्याचं नाव याच महिन्यात लागलं होतं, त्याची सही चालली असती. धाकट्यानं पेन घेतलं. आई गेल्यावर थोरलीनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं. त्यानं एकदा बहिणीकडं पाहिलं, एकदा बापाच्या तोंडाकडं, आणि पेन बाकावर ठेवून तो चहाचे पेले मोजल्यासारखं करू लागला.

मास्तरांनी सुस्कारा सोडून वही उघडली. "मग तुमच्या घरची तीनच नावं. तुम्ही, हा, आणि तुमचे वडील."

"आजोबांना जाऊन चार वर्षं झाली, मास्तर," थोरली म्हणाली. "त्यांचं तरी काढा."

काढायलाही यादीतल्याच घरच्या माणसाचा अर्ज लागत होता. मास्तरांनी बापाकडं पाहिलं.

"राहू दे की," बाप म्हणाला. "म्हाताऱ्याचं नाव कुणाच्या वाटेत येतंय?"

टपरीवरचे दोघेतिघे हसले. मास्तरांनी वही मिटली.

थोरली रानात पोचली तेव्हा टपोरे थेंब पडायला लागले होते. आत्या ओणवी होऊन भराभरा माती चाचपत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "लागलं का गं नाव?"

"आजोबा आहेत अजून यादीत," थोरली म्हणाली, आणि कुदळ उचलून पट्ट्यात उतरली.