‘मांजरपाऊल’ आणि घोड्याच्या टापा

मी एक जुना गेम कंट्रोलर आहे. मित्रांनो, ‘जुना’ हे विशेषण मी स्वतःच लावून घेतले, कारण तुम्ही ते लावणारच होतात. माझ्या डाव्या दांडीवरचे रबर झिजून गुळगुळीत झाले आहे, उजवीकडचे एक बटण दाबल्यावर वर यायला कुरकुर करते, आणि पोटातली थरथरणारी मोटार हल्ली थरथरत नाही, खोकते.

माझ्या जन्माची कथा सांगण्यासारखी नाही. लांबलचक सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारखेच शेकडो कंट्रोलर निघाले, त्यांत मीही निघालो. ज्या वस्तू आपल्या जन्माचे पोवाडे गातात त्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. खोक्यातून बाहेर आलो तेव्हा समोर एक मुलगी बसली होती. कॉलेज संपवून ती एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत नव्या गेमविषयी लिहायला लागली होती. ही माझी मालकीण. खेळण्याआधी ती हात धुऊन पुसायची, यावरून मी तिला पसंत केले. पुढे बरीच वर्षे आम्ही मिळून चांगल्या गेम खेळलो आणि त्याहून कितीतरी जास्त भिकार गेम खेळलो. एकदा तिने छापील लेखात लिहिले होते, ‘माझा कंट्रोलर माझ्या बोटांच्या आधी विचार करतो.’ ते वाक्य खरे होते, म्हणूनच मी ते लक्षात ठेवले.

घरात दुसरी व्यक्ती म्हणजे तिची आई. ती मला कायम ‘तो रिमोट’ म्हणायची. टीव्हीचा रिमोट आयुष्यभर आवाज कमी-जास्त करत पडून असतो. त्याच्या पंगतीला मला बसवायचे, म्हणजे कमालच! खेळ सुरू झाला की आई टीव्हीकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालायची. “मोठ्या झालात तरी खेळणी सुटेनात,” असे त्या कपड्यांना उद्देशून म्हणायची.

तिसरा मामा. आईचा धाकटा भाऊ. लिफ्ट आधी कोणत्या मजल्यावर थांबावी हे ठरवणारे प्रोग्राम लिहिण्यात त्याची उमेदीची वर्षे गेली. केस पिकायला लागल्यावर त्याला एकाएकी वाटले, की आपण गेम बनवावी. त्याने नोकरी सोडली, दोन जोडीदार गाठले, शिंप्याच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेतली आणि तिथे दार लावून घेतले. खालची शिलाईयंत्रे दिवसभर घरघरायची आणि वर हे तिघे शांततेची गेम बनवत बसायचे. नाव ‘मांजरपाऊल’. लढायचे नाही, लपतछपत जायचे, पहारेकऱ्याची पाठ फिरली की सटकायचे. शिवाय ही गेम अख्खी मिळणार नव्हती. भागाभागांनी येणार होती. पोळी अर्धी भाजून ताटात वाढायची आणि उरलेली पुढच्या हंगामात, असा हा प्रकार. मी तेव्हाच ओळखले, की यात काही राम नाही.

एका दुपारी मामा पहिला भाग घेऊन आला. चेहरा नवरदेवासारखा.

“सगळ्यांच्या आधी तुला आणलीय,” तो मालकिणीला म्हणाला. “पहिल्या भागाचं लोकांनी नाव काढलं तरच पुढचे भाग होतील. तू चार शब्द लिही. अगदी खरं लिही.”

“खरं?”

“म्हणजे खरंच. पण जरा हात राखून.”

“मामा, यातलं एक काहीतरी सांग.”

मामा हसला, चहा प्यायला आणि गेला. मालकिणीने हात धुतले आणि मला उचलले.

मित्रांनो, मी आजवर फार सोसले आहे. पण ‘मांजरपाऊल’सारखा अपमान क्वचितच वाट्याला आला. नायक काळे कापड गुंडाळलेला एक सडपातळ गडी. सुभेदाराच्या कोठीत कैद असलेल्या भावाला त्याने सोडवायचे होते. मी हळूच दांडी सरकवली. गडी चालायला लागला आणि फरशीवर टापांचा असा आवाज उठला, की घोडा कुठून आला म्हणून मालकिणीने पडदाभर शोधले. घोडा नव्हता. ती आमच्या नायकाची मांजरपावले होती. एवढ्या आवाजाने कोठी जागी व्हायला हवी होती, पण पहारेकरी भिंतीकडे तोंड करून उभे. एकजण तर भिंतीत कमरेपर्यंत रुतला होता आणि तिथूनच म्हणत होता, “सगळं ठीक आहे.”

गडी एका कुंडीमागे लपला. कुंडी त्याच्या गुडघ्याएवढी. खांदे, डोके, पाठ सगळे बाहेर, तरी पहारेकरी शेजारून निघून गेला. पुढच्याच दालनात मात्र मधे दगडी भिंत असताना दुसऱ्याने आम्हाला पाहिले आणि ओरडत आला. बहिरे तरी असा किंवा अंतर्ज्ञानी तरी असा, एकदा काय ते ठरवा! मग तलवारी निघाल्या. न लढण्याच्या गेममध्ये आम्ही दर दालनात लढत होतो. मालकीण माझी बटणे अशी बडवत होती, जशी दारावरची बंद पडलेली घंटा कुणी दाबत राहावी.

आणि मग आले स्वयंपाकघर.

गडी दार ढकलून आत शिरला. आत एक म्हातारी खाली बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. तिच्या पाठीमागून पलीकडच्या दारापर्यंत जायचे होते. तिच्या हाती शस्त्र नव्हते, ती पहारेकरी नव्हती. ती नुसती आपल्याशीच पुटपुटत होती. “कुठं ठेवलं बाई मी झाकण? इथंच तर ठेवलं होतं. झाकणाला काय पाय फुटतात?” तिचे पुटपुटणे थांबले की आपण थांबायचे, एवढाच नियम. तलवार नाही, संगीत नाही. ती मधेच मान वळवायची, आणि ती ओरडेल याची भीती वाटायची नाही, ती दचकेल याची वाटायची. मालकिणीचे अंगठे माझ्यावर टेकलेले होते आणि दाबत नव्हते. मला त्यांचा ठोका जाणवत होता. हा सगळा वेळ मला काहीच काम नव्हते, म्हणून मला तो प्रसंग आवडायला नको होता. पण आवडला, हे नाइलाजाने सांगतो.

स्वयंपाकघर संपले. बाहेर पुन्हा टापा, पुन्हा तलवारी, आणि भावाच्या कोठडीच्या दाराला हात लागतो न लागतो तोच पडदा काळा. ‘पुढे काय होते? पाहा भाग दुसरा.’ मालकिणीने मला सोफ्यावर ठेवले आणि लिहायला घेतले.

लेख पुरवणीत आला. ‘ही गेम माझ्या सख्ख्या मामाने बनवली आहे, हे आधीच सांगते,’ अशी सुरुवात होती. पुढे टापा होत्या, कुंडी होती, भिंतीत रुतलेला पहारेकरी होता. शेवटी होते, ‘या कोठीत एकच खोली खरी आहे, ती म्हणजे स्वयंपाकघर. बाकीची कोठी पाडून टाकली तरी चालेल. भावाला सोडवायला मी दुसऱ्या भागात जाईन असे आज तरी वाटत नाही.’

लोकांनी तो लेख चवीने वाचला. इंटरनेटवर लेखाखाली शेरे मारणाऱ्यांची जमात तुम्हाला ठाऊक असेल. गेम हाती न घेताच त्यांनी मामाची यथेच्छ टिंगल केली. असल्या शूरांविषयी मी एवढेच म्हणेन, की त्यांच्या हातांचा वास माझ्या नशिबी आला नाही हे माझे भाग्य.

घरात आईने घड्या घालायचे थांबवून तोंड उघडले.

“तुला सायकल शिकवताना गुडघे त्याचे फुटले होते. आणि तू त्याचं चव्हाट्यावर हसं केलंस?”

“आई, त्यानंच खरं लिही म्हणून सांगितलं.”

“सांगितलं म्हणून लिहितात होय? माणूस घरी आला की आपण ‘बसा, जेवून जा’ म्हणतो. तो लगेच ताट मांडून बसतो का?”

“पण मी खोटं लिहिलं असतं, तर पुढच्या वेळी माझं कोण वाचणार?”

“नका वाचू म्हणावं. भाऊ माझा आहे.”

मामाचे येणे बंद झाले. आई फोन करायची, तो ‘कामात आहे’ म्हणायचा. त्याचा एक जोडीदार सोडून गेल्याचे आईला दुसऱ्याच कुणाकडून कळले. मालकीण दुसऱ्या गेम खेळत राहिली, पण वाईट. सोप्या जागी मरायची. तिच्या बोटांत मन नव्हते, आणि दोष मात्र माझ्या झिजलेल्या रबराला मिळत होता.

एके दिवशी दुपारीच मामा दारात उभा राहिला. दाढी वाढलेली. बसायलाही तयार नव्हता.

“पहिल्याच भागावरून निकाल देऊन मोकळी झालीस? पुढं काय येणार आहे, तुला काय माहीत?”

“मग पुढचं पुढे का ठेवलंस? जे दिलंस त्यावरच लिहिणार ना मी?”

“लोकांना खेळता येत नाही. दोष गेमला!”

मालकिणीने मला त्याच्यापुढे धरले. “घे. खेळ.”

मामाने हात न धुताच मला घेतले. पहिल्या दालनात पकडला गेला. हसला, “सवय नाही राहिली.” पुन्हा गेला, पुन्हा पकडला गेला. भिंतीपलीकडून ओरडत येणारा तो अंतर्ज्ञानी पहारेकरी आपल्या जन्मदात्यालाही ओळखत नव्हता. मामा घामाघूम झाला. “अरे, हा कसा बघतो? मधे भिंत आहे!” असे म्हणत त्याने मला टीपॉयवर आपटले. माझी डावी दांडी आतून मोडली. मित्रांनो, गेम बनवणाऱ्याचा राग गेमच्या वाट्याला कधीच जात नाही, तो आमच्या वाट्याला येतो.

“मामा,” मालकीण हळूच म्हणाली, “तू ही कधी खेळला होतास? बनवताना नाही. नुसती, सुरुवातीपासून, खेळायला म्हणून?”

मामाने मला टीपॉयवरून उचलून मोडकी दांडी चाचपली. मग म्हणाला, “नाही गं. तुकडे तपासले. सलग कधीच नाही.” आणि पुढे, “मुळात लढाई नव्हतीच. जोडीदार म्हणाले, काही घडतच नाही, लोक झोपतील. मीही घाबरलो. घातल्या तलवारी.”

मोडक्या दांडीने कसाबसा तो पुढे गेला. मालकीण शेजारी बसून बटणे सांगत होती. दोघे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचले. दार उघडले, शेंगा सोलल्याचा आवाज आला, आणि म्हातारी पुटपुटली, “कुठं ठेवलं बाई मी झाकण?”

मागे घड्या घालणाऱ्या आईचे हात थांबले. इतक्या वर्षांत प्रथमच ती टीव्हीकडे वळली.

“ही आत्या आहे,” ती म्हणाली.

मामाने मान वर केली नाही.

“आपली आत्या आहे रे ही! झाकणाला पाय फुटतात का, असंच म्हणायची.” आई हातातला टॉवेल तसाच धरून सोफ्यावर टेकली. मग मालकिणीला म्हणाली, “आमची आई गेल्यावर हिनंच वाढवलं आम्हाला. हा रात्री भुकेला उठायचा आणि तिच्या पाठीमागून डब्यापर्यंत सरकायचा. तिला सगळं ऐकू जायचं. मुद्दाम वळायची नाही.”

“तिला कळायचं?” मामाने विचारले.

“डब्यात रोज कोण ठेवत होतं तुझ्यासाठी?”

पडद्यावर म्हातारीने मान वळवली, मामाचे लक्ष नव्हते, आणि खेळ तिथेच संपला. कुणीही तो पुन्हा सुरू केला नाही. आईने चहा ठेवला. मामा जेवूनच गेला.

माझे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. दांडी दुरुस्त होत नाही असे ठरले. नवा कंट्रोलर आला, अंगावर रंगीत दिवे लावून मिरवणारा. वरातीतही कुणी इतके लखलखत नाही. मला टीव्हीखालच्या खणात ठेवले, बिनकामाच्या वायरी आणि मुकी घड्याळे यांच्या सहवासात. तिथे अक्कल असलेले कुणीच नाही.

दुसरा भाग यायला फार काळ लागला. मामाने उरलेल्या एका जोडीदारासह तो पुन्हा पहिल्यापासून बनवला. त्यात कोठी नव्हती, सुभेदार नव्हता, तलवार नव्हती. एक घर आणि एक म्हातारी. कुणी वाखाणला, कुणी ‘यात काहीच घडत नाही’ म्हणून धुऊन काढला. मालकिणीने त्यावर लिहायचे नाकारले. “यात आमची माणसं आहेत, मला तोलता येणार नाही,” असे तिने संपादकांना फोनवर सांगितलेले मी खणातून ऐकले. हे मात्र मला पटले.

मित्रांनो, वस्तूचे आत्मवृत्त म्हणजे शेवटी उपदेश हवाच, तर घ्या. आम्हाला हात धुऊन हाती धरा. राग आला तर उशीवर काढा. आणि एखाद्या कामाला नावे ठेवायची असतील तर बेलाशक ठेवा, मीही जन्मभर ठेवत आलो आहे. पण आधी ते शेवटपर्यंत खेळा. जे चांगले असेल ते नाइलाजाने का होईना, मोठ्याने सांगा. तेवढेही जमत नसेल तर टीव्हीचा रिमोट घ्या, तोच तुमच्या लायकीचा आहे.

दुसरा भाग मी पाहिला नाही, फक्त ऐकला. खण बंद होता. त्या दिव्यांच्या कंट्रोलरची बटणे थोडा वेळ टिकटिकली आणि मग थांबली. बराच वेळ काहीच आवाज नाही. खेळणारा कंटाळला असला तरी आमची बटणे अशीच गप्प होतात आणि त्याने श्वास रोखला असला तरीही. खणातून मला काय कळणार? मालकीण झोपली असणार, असे मी तुच्छतेने मनाशी म्हणतच होतो.

तेवढ्यात बाहेरून अगदी दबक्या आवाजात, म्हातारीला ऐकू जाऊ नये एवढ्या दबक्या आवाजात, आई म्हणाली, “थांब. हलू नकोस. तिचं बोलणं थांबलंय.”