बसेल आणि जाईल

"टेप?" मोजणीदार हसला. "टेप नवशिक्यांना लागते. गावंच्या गावं मोजलीत मी. माझ्या डोळ्यातच टेप आहे."

जमिनीची मोजणी करणं ही त्याची नोकरी, म्हणून सगळे त्याला मोजणीदार म्हणत. नव्या घराच्या रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून त्याने एक डोळा मिटला, अंगठा पुढे धरला, खिडकीकडे बघितलं आणि थेट जुन्या बाजारात जाऊन पडदा घेऊन आला. पडद्याने खिडकी झाकली. मग खिडकीखालची भिंत झाकली. मग जमिनीवर उतरून तो स्वयंपाकघराच्या दिशेने निघाला. तो कुठल्याशा बंद पडलेल्या नाटक कंपनीचा होता. झटकला तेव्हा त्यातून शेरभर धूळ आणि एक खोटी मिशी पडली.

"कापड मात्र दणकट आहे," मोजणीदार म्हणाला.

"हो ना," त्याची बायको म्हणाली. "मिशीसुद्धा चांगली आहे. तुम्ही लावून बघा."

पडद्याच्या घड्या घालून त्यांनी त्याची बैठक केली. घरात बसायला तेवढीच जागा झाली.

त्याच्या बायकोला माहेरी आणि सासरी सगळे धाकटी म्हणायचे. कारण तिच्या आधी ताई होती. ताईचे फ्रॉक धाकटीला आले, ताईची सायकल आली, ताईची पुस्तकं आली. त्यांत उत्तरंही आधीच लिहिलेली असायची, तीही चुकीची. दप्तर आलं, चष्म्याची चौकट आली. धाकटीचे दात वेडेवाकडे होते तेव्हा तारसुद्धा ताईचीच चालेल का, असं आईने डॉक्टरांना विचारलं होतं. धाकटी आज दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, ती बहुधा त्या धक्क्यातूनच.

त्यामुळे पहिलंवहिलं स्वतःचं घर झालं तेव्हा तिने नवऱ्याला एकच सांगितलं होतं. "वस्तू जुनी असली तरी चालेल. आपला खिसा मला माहीत आहे. पण ती मी निवडलेली पाहिजे. कुणाच्या अंगावरून उतरलेली नको."

आणि नेमका तेव्हाच ताईचा फोन आला.

"धाकटे, मी नवीन फर्निचर करतेय. माझं उभं शोकेस तुला देते. हॉलमधली दोन दारांच्या मधली भिंत रिकामीच आहे ना तुमची?"

ते शोकेस धाकटीच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. चॉकलेटी, काचेच्या दारांचं, पाठीला आरसा, मुठींच्या जागी पितळेचे दोन हंस. त्यातला डावीकडचा बिनचोचीचा. ताईकडे गेला की मोजणीदार नुसत्या भिंती डोळ्याने मोजत बसायचा, ते शोकेस त्याने कधी नीट बघितलंही नव्हतं.

"अगं ताई, कशाला उगाच..."

"उगाच काय? सख्खी बहीण आहेस. रविवारी टेम्पो घेऊन येते."

ताईला नको म्हणून चालत नसे. नको म्हटलं की तिला वाटायचं समोरची लाजतेय. तिला एकच नकार कळायचा, तो म्हणजे जागा नाही. तेव्हा रविवारच्या आत ती भिंत भरायला हवी होती. नाहीतर ते दोन हंस जन्मभर हॉलमध्ये पोहत राहणार होते.

मधल्या काळात मोजणीदाराने एक घड्याळ आणलं. मोठं, गोल, दिसायला राजबिंडं. भिंतीवर लावल्यावर कळलं की त्याचे काटे उलटे फिरतात आणि आकडेही उलटे आहेत.

"बिघडलेलं नाहीये," मोजणीदार चौकशी करून आला. "सलूनमधलं आहे. गिऱ्हाईकाच्या पाठीमागे लावतात आणि गिऱ्हाईक समोरच्या आरशात बघतं. समोर आरसा लावला की झालं."

आरसा येईपर्यंत घड्याळ तसंच चाललं. एका सकाळी सातला त्यात पाच वाजलेले बघून धाकटी खुशाल पुन्हा झोपली. दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टर एका हाताने पेशंटचा जबडा धरून दुसऱ्या हाताने फोन उचलत होते.

"आता मी येते बाजारात," ती घरी येऊन म्हणाली. "आणि तुमची टेप घ्या. डोळ्यातली नको, पिशवीतली."

जुन्या बाजाराच्या टोकाला एक लांबलचक शेड होती. आत खुर्च्यांवर खुर्च्या, त्यांवर पंखे, पंख्यांवर हरणाचं एक प्लास्टरचं मुंडकं. या पसाऱ्याचा मालक सलूनच्या फिरत्या खुर्चीत आडवा पडून असायचा. कुणी काहीही विचारलं तर तो डोळे न उघडता एकच शब्द बोलायचा, म्हणून बाजारात त्याचं नाव बसेलशेठ पडलं होतं.

"शेठ, हे टेबल आमच्या बाल्कनीत..."

"बसेल."

"पण बाल्कनी फारच लहान..."

"बसेल."

"शेठ, बाल्कनीच नाहीये आमच्याकडे," गंमत म्हणून एक जण बोलला.

"बसेल," शेठ म्हणाला आणि कुशीवर वळला.

धाकटी आत आत गेली. आणि शेडच्या अगदी शेवटी, गुंडाळलेल्या सतरंज्यांच्या मागे, तिला ते कपाट दिसलं.

उभं, चौकोनी, खांबासारखं. वरपासून खालपर्यंत खणच खण. होमिओपॅथीच्या एका जुन्या दवाखान्यातलं होतं ते. प्रत्येक खणाच्या वर चौकटीत बसवलेली, अक्षरं आरपार कापलेली पत्र्याची इवलीशी पाटी: खोकला. पोट. त्वचा. डोकेदुखी. झोप. सगळ्यात खाली, इतर. धाकटीने 'इतर'चा खण ओढला. तो लोण्यातून सुरी सरकावी तसा आला आणि आतून साबुदाण्याएवढ्या गोळ्यांचा गोड वास आला. तिने खण बंद केला. पुन्हा उघडला. सुया-दोरे इथे, किल्ल्या तिथे, बिलं 'डोकेदुखी'त. मनातल्या मनात तिचा संसार त्या कपाटात लागूनही गेला. कुणा अनोळखी डॉक्टरने ते वर्षानुवर्षं वापरलं होतं, पण तिला ते कुणी दिलं नव्हतं. तिने शोधलं होतं.

"हे," ती म्हणाली.

मोजणीदाराने अंगठा वर केला. तिने नुसतं बघितलं. त्याने अंगठा खाली करून टेप काढली, कपाट उभं मोजलं, आडवं मोजलं, खोली मोजली, घरी जाऊन भिंत मोजली आणि छाती फुगवून परत आला.

"दोन्ही बाजूंना बोट बोट राहतं. जणू त्या भिंतीसाठीच केलंय."

धाकटीने तरी खात्री केली. "शेठ, बसेल ना नक्की?"

बसेलशेठने कधी नव्हे तो एक डोळा उघडला. "बाईसाहेब, तंतोतंत बसेल."

सोबत घड्याळासाठी एक उंच आरसाही घेतला. घासाघीस अशी झालीच नाही. शेठ प्रत्येक आकड्याला "बसत नाही" म्हणत राहिला आणि शेवटी बसलं.

रविवारी सकाळी दोन हमाल कपाट घेऊन आले. मागोमाग स्वतः बसेलशेठ, हातात आरसा. मोजणीदार सगळ्यांच्या पुढे धावत आत गेला. "मी आतून दिशा देतो. तुम्ही डोळे मिटून ढकला."

हमालांनी डोळे मिटले नाहीत, पण ढकललं मात्र जोरात. कपाट दारात शिरलं, कुरकुरलं आणि थांबलं. पुढे जाईना. मागे ओढलं तर मागेही येईना.

"बसलं," थोरला हमाल म्हणाला.

"तिरकं करा!" आतून आवाज आला.

"साहेब, चौकोनी आहे. तिरकं काय, सरळ काय, सारखंच."

धाकटीने शेठकडे बघितलं. "तुम्ही म्हणालात बसेल!"

"भिंतीला बसेल म्हणालो," शेठ शांतपणे म्हणाला. "तुम्ही बसेल का विचारलंत. जाईल का, ते कुठे विचारलंत? बसणं वेगळं, जाणं वेगळं. आमच्या धंद्यात निम्मी भांडणं यावरच होतात."

"अहो," धाकटीने कपाटाला विचारलं, "दार मोजलं होतंत ना?"

कपाटामागे पिशवीची चेन उघडल्याचा आवाज झाला.

"भिंत मोजली होती," मोजणीदार आतून म्हणाला. मग टेपचा खर्रर्र आवाज. "दाराला पल्ला आहे ना, तो उघडा असला तरी जागा खातो. दोन बोटं कमी पडली. बाकी माझं माप अचूक आहे."

वजन कमी करायला हमालांनी सगळे खण काढून जिन्यात रचले. कपाटाची पाठीची फळी कधीच गेलेली होती. त्यामुळे आता आरपार दिसू लागलं. 'पोट'च्या भोकातून मोजणीदाराचं तोंड दिसलं. "चहा टाकू का सगळ्यांना?" त्याने विचारलं. दुसरं करण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतंच.

चहाचे कप 'खोकला'तून बाहेर येत असतानाच खाली टेम्पोचा हॉर्न वाजला, आणि धापा टाकत ताई वर आली.

"हे काय गं बाई? दारात काय उभं केलंय हे?"

"कपाट आहे, ताई."

"या, ताई या!" आतून मोजणीदार म्हणाला.

"येऊ कुठून?" ताईने वाकून आत डोकावलं. आत बसलेल्या मोजणीदाराला ताईचा चेहरा चौकटीत दिसला आणि चेहऱ्याच्या बरोबर वर, त्याच्या बाजूने उलटी का होईना, पाटीची आरपार कापलेली अक्षरं होती: डोकेदुखी. तो चहात फुर्रकन हसला.

"हसताय काय? बाहेर काढा हे धूड. माझं शोकेस खाली उभं आहे. ते आरामात जाईल या दारातून, मी मोजून आणलंय."

शेठ चहा फुंकायचा थांबला. धाकटीला एकदम उमगलं की आज तिच्याकडे नेहमीचं उत्तर नाही. भिंत अजून रिकामीच होती. जागा होती. शोकेस दारातून जाणार होतं. ताईने मोजलं होतं.

तिने हातातला 'झोप'चा खण छातीशी धरला.

"ताई, मला ते शोकेस नको आहे."

"लाजतेस काय? तुझंच..."

"लाजत नाहीये. मला आवडत नाही ते. कधीच आवडलं नव्हतं. मला हे पाहिजे. हे नाही गेलं आत, तर मी इथे जिन्यात खण मांडीन, पण मला हेच पाहिजे."

ताईचं तोंड उघडंच राहिलं. "मग आधी नाही का बोलायचं? टेम्पोवाला घरून निघताना मला दोनदा विचारत होता, नक्की ना, नक्की ना."

"आधी बोलले असते तर तू ऐकलं असतंस?"

ताईने विचार केला. "नसतं," ती म्हणाली. मग जरा हळू आवाजात, "सायकल तरी आवडली होती की नाही?"

"सायकल आवडली होती."

"बरं," ताई म्हणाली आणि डोळ्याच्या कडेला पदर न्यायला वळली. वळली ती थेट भिंतीला टेकवलेल्या आरशासमोर. तिथेच थबकली. उजवीकडून बघितलं. डावीकडून बघितलं. पोट आत घेतलं आणि लक्षात आलं की घ्यायची गरज नाही.

"हा कुठला आरसा?"

"कपड्यांच्या दुकानातला," शेठ म्हणाला. "जरा वाकवलेला आहे. यात कुणी जाड नसतं."

"काहीतरीच. चांगला सरळ आरसा आहे," ताई म्हणाली. "माझ्या घरच्या आरशांतच काहीतरी खोट आहे. धाकटे, हा..."

वाक्य पुरं झालं नाही, पण धाकटीला कळलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या अंगावरून काहीतरी ताईकडे जाणार होतं. तिला हसू आवरेना.

"घेऊन जा, ताई. मला काय, मी दुसरा बघीन."

ताई आरसा मिठीत धरून जिना उतरली. खाली टेम्पोतलं शोकेस परत नेण्याऐवजी तिने ते तिथल्या तिथे बसेलशेठच्या गळ्यात घातलं. थोरल्या हमालाने दाराच्या बिजागऱ्या काढल्या, पल्ला बाजूला केला, हवी होती ती दोन बोटं मिळाली. कपाट आत गेलं आणि भिंतीला तंतोतंत बसलं. मोजणीदाराने दोन्ही बाजूंना बोट घालून सगळ्यांना दाखवलं. धाकटी संध्याकाळपर्यंत खण लावत होती. खोटी मिशी तिने 'त्वचा'मध्ये ठेवली.

राहिलं फक्त घड्याळ. ते उलटं चालतच होतं आणि आरसा ताईकडे गेला होता. पुढच्या रविवारी धाकटीची दवाखान्यात ड्युटी होती, म्हणून मोजणीदार एकटाच बाजारात निघाला.

"छोटासा आरसा आणा," तिने बजावलं. "आणि आधी दार मोजा."

त्याने दार मोजलं. पल्ल्यासकट मोजलं, पल्ल्याशिवाय मोजलं. बाजारात शेठला मुद्दाम दोन्ही प्रश्न विचारले.

धाकटी घरी आली तेव्हा तो जिन्यात हमालांबरोबर उभा होता, घामाघूम आणि खूश.

"स्वस्तात मिळालं," तो म्हणाला. "आरशाच्या भावात आख्खं शोकेस! पाठीला पूर्ण आरसा आहे, घड्याळ समोरून स्वच्छ वाचता येईल. परवाच आलंय म्हणे शेठकडे."

धाकटीने मुठींकडे बघितलं. डावीकडच्या हंसाला चोच नव्हती.

शोकेस दारातून सहज आत गेलं.