आपोआप

काकूंनी तार उपसली, तिच्या टोकावर फुंकर मारली आणि पुन्हा संगणकाच्या पाठीत खोचली. पडद्यावर तोच पिवळा त्रिकोण आला. खाली तीच ओळ : 'हे उपकरण ओळखता येत नाही.'

"ओळखता येत नाही!" काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसलाय मेला, आणि आता म्हणे ओळख नाही."

ज्याची ओळख मोडली होती ते विणकामाचं यंत्र टेबलाला लागूनच उभं होतं. लांब फळी, तिच्यावर सुयांची दाट रांग, आणि रांगेवरून इकडून तिकडे ढकलायची गाडी. गाडी ढकलली की खर्र आवाज व्हायचा आणि एक ओळ विणून पडायची. कुठली सुई पुढे, कुठली मागे, हे संगणक सांगायचा. काकू पडद्यावरच्या चौकटींत नक्षी भरायच्या आणि यंत्र ती लोकरीत उतरवायचं. आता गाडी ढकलली तर नुसतं कोरं विणकाम पडत होतं, विधवेच्या कपाळासारखं, असं त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण बोलायला समोर कोणी धड माणूस नव्हतं, म्हणून त्यांनी ते गिळलं.

धड माणूस म्हणावं असे काका खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. पण त्यांना काकू सध्या हिशेबात धरत नव्हत्या.

खाटेवर स्वेटरांची चळत होती. गाणाऱ्या मुलांच्या पथकाचं काम. गडद निळा रंग, छातीवर उडत्या पाखरांची रांग. शनिवारी पथक डोंगरातल्या गावी स्पर्धेला निघणार होतं. निम्मे स्वेटर झाले होते. निम्म्या पोरांच्या छातीवर पाखरं आणि निम्मी पोरं कोरी, असं पथक मंचावर उभं राहिलं तर काय दिसेल, या विचाराने काकूंना सकाळपासून चहासुद्धा गोड लागला नव्हता. पथकाच्या बाई भल्या होत्या. 'राहू द्या काकू, साधेच विणा,' असं त्या म्हणाल्या असत्या. पुढच्या वर्षी मात्र काम दुसरीकडे गेलं असतं, आणि तेही भलेपणानेच.

सगळं बिघडलं होतं परवा. काकू लोकर आणायला बाजारात गेल्या आणि परत येऊन बघतात तर संगणकाचा चेहराच बदललेला. नवा रंग, नवी चित्रं, ओळखीची बटणं भलतीकडे.

"आपोआप झालं," काका म्हणाले होते. "मी इथेच होतो. चक्र फिरायला लागलं, ते फिरतच राहिलं."

तेव्हापासून काकू फोनवर होत्या.

संगणकाच्या कंपनीने सांगितलं, यंत्राच्या कंपनीला विचारा. यंत्राच्या कंपनीत आधी बाजा वाजला, मग एका रेकॉर्ड केलेल्या बाईने 'तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे' असं इतक्या वेळा सांगितलं की काकूंना तिचा संशय यायला लागला. मोल असलेल्या माणसाला कोणी दारात इतकं ताटकळत ठेवत नाही. शेवटी एक जिवंत मुलगी आली.

"मॅडम, यंत्रात काही बिघाड नाही. तुम्हाला नवा ड्रायव्हर लागेल."

"म्हणजे काय ते नीट सांग बाई."

"म्हणजे दुभाषाच समजा. यंत्राची भाषा संगणकाला समजावून सांगणारा. तुमचा जुना दुभाषा नव्या संगणकाला चालत नाही."

"मग नवा द्या."

"या मॉडेलसाठी तो बनवलेला नाही."

"कधी बनवणार?"

"मॅडम, या मॉडेलचा सपोर्ट संपला आहे."

"यंत्र संपलं नाही, मी संपले नाही, आणि तुमचा सपोर्ट तेवढा संपला?" काकूंचा आवाज चढला. "हे यंत्र घेताना तुमचा माणूस इथे, या खाटेवर बसून म्हणाला होता, काकू, नातवंडं विणतील यावर. नातवंडं सोडा, मला तरी विणू दे."

"नवीन मॉडेलवर सध्या सवलत आहे, मॅडम."

काकूंनी फोन ठेवला. म्हणजे आपटला असता, पण मोबाइल आपटून आपलंच नुकसान.

"लुटारू आहेत," खिडकीपाशी पेन्सिलीचा आवाज करत काका म्हणाले. "पाय मोडायचा आणि कुबड्या विकायच्या. तू सोडू नकोस त्यांना. ग्राहक मंचात खेच."

काका आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासत होते. निवृत्त झाल्यावरही रोजचं वर्तमानपत्र ते पेन्सिलीने तपासायचे. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, साबणाचं वेष्टन, विजेच्या बिलामागचा बारीक मजकूर, सगळं ते पूर्णविरामापर्यंत वाचायचे. लेक म्हणायची, बाबांच्या हाती रस्त्यावरची पाटी दिली तरी ते समास तपासतील. घरात त्यांचा एक दरारा होता, विचारायला माणसं त्यांच्याकडे यायची. मग काकूंचं यंत्र आलं, आणि वाचायचं टेबल यंत्राखाली गेलं. दुपारची झोप खर्र-खट आवाजात विरली. आता बेल वाजली की दार काका उघडायचे आणि समोरचा त्यांच्या खांद्यावरून आत बघत विचारायचा, "काकू आहेत का?"

काकूंनी पुन्हा संगणकाच्या कंपनीचा नंबर लावला. या वेळी आवाज एका माणसाचा होता, थोडा बसलेला, दिवसभर लोकांच्या शिव्या खाल्लेला.

"हे बघा," काकूंनी त्याला तोंडच उघडू दिलं नाही. "माझ्या घरात शिरून माझं कपाट कोणी न विचारता आवरलं, तर मी पोलिसात जाईन. तुम्ही माझ्या संगणकात न विचारता शिरलात. माझं चालतं काम बंद पाडलंत. आता मला ड्रायव्हर नको, सवलत नको, गोड बोलणं तर मुळीच नको. कोणाच्या परवानगीने केलंत, तेवढं नाव मला सांगा."

"शाब्बास," काका पुटपुटले.

"मॅडम, एक मिनिट. संगणक समोर आहे? मी सांगतो तिथे बघा."

काकूंनी त्याने सांगितलेली पडद्यावरची एकेक खिडकी उघडली. शेवटी एक यादी आली. वर परवाची तारीख होती, खाली विणकाम यंत्राच्या तारेचं नाव. काकूंनी ते वाचून दाखवलं.

"दिसलं? आपोआप काही झालेलं नाही, मॅडम. हे मोठं अपडेट कोणीतरी मान्य केल्याशिवाय सुरूच होत नाही. त्याआधी लाल चौकटीत सूचना येते की अमुक अमुक उपकरणं बंद पडतील. तुमच्या विणकाम यंत्राच्या तारेचं नाव त्यात पहिलंच आहे. खाली लिहावं लागतं, 'मी वाचलं आहे आणि मला मान्य आहे'. नुसती खूण नाही, अक्षरं टाइप करावी लागतात."

"चुकून नाही होत?"

"एवढं वाक्य चुकून कसं लिहील कोणी? फार तर न वाचता लिहितात लोक. बरेच जण वाचत नाहीत."

काकूंनी मान वळवली. खिडकीपाशी पेन्सिल थांबली होती. वर्तमानपत्र उभं धरलेलं होतं, पण काकांची नजर एकाच ओळीवर खिळलेली होती, आणि त्या ओळीत एवढं तपासण्यासारखं काही असेल असं वाटत नव्हतं.

"हॅलो, मॅडम?"

"आहे मी," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "मागे फिरता येतं का?"

"येतं. अजून मुदत आहे. जुनं सगळं परत येईल, तारही चालेल. पण कायमचा इलाज नाही हा. कधी ना कधी पुढे जावंच लागेल, आणि तेव्हा तो ड्रायव्हर नसेलच. ते आमच्या हातात नाही."

"तेव्हाचं भांडण तेव्हा. तुम्हाला सोडलेलं नाही मी. शनिवार तर निघू दे."

त्याने बटण कुठे आहे ते सांगितलं. काकूंनी त्याचे आभार मानले. मघाशी फार बोलले, असंही म्हणाल्या. तिकडे तो माणूस क्षणभर गोंधळला असावा. अशी सवय नसते.

काकूंनी फोन ठेवला. बाहेर कोणाची तरी सायकल भिंतीला घासली.

"मला सांगितलं का नाही?" काकूंनी विचारलं.

"तू कुठे असतेस सांगायला," काका म्हणाले. वर्तमानपत्र अजून खाली आलं नव्हतं.

"इथे. या खुर्चीत. सकाळपासून रात्रीपर्यंत."

"तेच म्हणतोय."

काकू खुर्चीतून उठल्या. "या. बसा."

"अगं, तूच दाब ना. काय त्यात."

"पुढे तुम्ही नेलंत. मागे तुम्हीच आणा."

काका आले, बसले. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला : 'तुम्ही मागे का जात आहात?' खाली पर्याय होते. काकांनी सवयीने सगळे वाचले. उपकरणं चालत नाहीत. जुनं सोपं होतं. अन्य कारण. बाण पहिल्या पर्यायावर गेला.

"ते नाही," काकू म्हणाल्या. "ते कारण माझं. तुमचं लिहा."

बाण खाली सरकला. रिकामी चौकट उघडली. काका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग एका बोटाने त्यांनी एक शब्द लिहिला, थांबले, तो खोडला.

"तिकडे हे कोणी वाचत नसतं गं."

"नसतीलच वाचत." काकूंनी दुसरी खुर्ची ओढली, पदराने चष्मा पुसला आणि डोळ्यांवर चढवला. "मी वाचणार आहे. लिहा."