निळ्या फडक्यातलं कंपन

मलकापूरच्या स्टेशन रोडवर अश्वजितच्या दुकानापुढे रविवारी सकाळीच रांग लागायची. प्रत्येकाच्या पिशवीत बंद पडलेला लॅपटॉप. सुरूच न होणारं मशीन हा म्हणे पेचकस न लावता, नुसत्या कंपनाने उठवायचा. एका मास्तरांचं नुकतंच उठलं होतं आणि मास्तर डोळे पुसत होते. सगळी शिकलेली माणसं, आता काय बोलावं!

"मशीनले बी मन असते," अश्वजित समजावत होता. "नजर लागली का आतली लहर उलटी फिरते. मी फक्त सुलटी करतो."

धम्मशीला सरकारी दवाखान्यात नर्स. तिच्या घरात ना नवस, ना अंगारा. एरवी ती अशा बाबाच्या सावलीलाही उभी राहिली नसती. पण अश्वजित तिचा वर्गमित्र, आंबेडकर जयंतीला विवेकावर भाषणं ठोकणारा. तिला पाहताच त्याने पेटीतली भगवी पुरचुंडी मागे सारली आणि निळ्या फडक्याची काढली. "तुह्यासाठी पूजा नाही, हात जोडणं नाही. हे विज्ञान आहे." झालं, बाई विरघळली.

तिच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये बापाची गाणी होती. बाप, कचरू, शेजारीच बसला होता. घशाच्या कॅन्सरने दोन वर्षांपूर्वी त्याचा आवाज नेला. ऑपरेशनच्या आधी महिनाभर बसवून लेकीने त्याच्याकडून साठ भीमगीतं गाऊन घेतली होती. त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"गाणी राहतीन ना रे?" तिने विचारलं.

"कंपन कोणाचं काही नेत नाही."

मशीनवर चादर पडली, पुरचुंडी आत सरकली, पुटपुट सुरू झाली. अर्ध्या तासाने लॅपटॉप उजळला. रांगेने टाळ्या वाजवल्या. धम्मशीलाने सगळे कप्पे उघडून पाहिले. एकही गाणं नव्हतं.

"खराब लहरीसंगं गेलं असन," अश्वजित म्हणाला.

कचरू उठला. चादरीखाली काहीतरी लुकलुकताना त्याने पाहिलं होतं. त्याने निळं फडकं सोडलं, आत पेनड्राइव्ह. मग पेटीतलं भगवं सोडलं, हिरवं सोडलं. तिन्हींत तेच. गिऱ्हाईक पाहून फक्त फडकं बदलत होतं.

रांगेत कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मंजुश्री मॅडम होत्या. "यात नवी सिस्टिम असते," त्या म्हणाल्या. "जुनी बिघडली की डिस्क पुसून ही टाकतात. कोणत्याही दुकानात होतं. पण आधी मशीन खोलून, डिस्क काढून, आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घेतात."

"आता?"

"आता नाही मिळायचं."

धम्मशीला अश्वजितकडे वळली. "तुले हे माहीत होतं?"

"हाव."

"मंग काऊन नाही उतरवलं?"

"सगळ्यांसमोर पेचकस धरला असता तं कंपन कुठं राह्यलं असतं?"

परक्याने लुबाडलं असतं तर तिने शिव्या देऊन सोडून दिलं असतं. याने तिची श्रद्धा नेमकी कशावर आहे ते ओळखलं आणि त्याच रंगाच्या फडक्यात तिला गुंडाळलं.

ती रांगेकडे फिरली. "तो आपला आहे म्हणून मी विचारलं नाही, काय करून राह्यला ते. तुम्ही विचारा. आपल्या माणसाले तं पहिले विचारा. सांगत नसन, झाकत असन, तं मशीन उचला अन् घरी जा. माह्या बापाचा आवाज घशातून गेला तवा डॉक्टरनं आधी सगळं सांगून सही घेतली होती. आज तोच आवाज दुसऱ्यांदा गेला, अन् मी टाळ्या ऐकत उभी होती."