हातांनी पाहिलेला डोंगर

"हात लावायचा नाय म्हंजे नाय!" भिवाजीने दारात काठी आडवी धरली. "नुसतं बघायचं आन् भायेर पडायचं."

त्याच्यासमोर अकरा मुलं एकामागे एक येत होती, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. अकराही आंधळी. काठी कुणाला दिसली नाही, पण आवाजाने रांग जागच्या जागी थबकली.

लोधिवलीतला हा बंगला मोजणी खात्यातून निवृत्त झालेल्या एका रावसाहेबांचा. नोकरीत हिंडताना जमवलेल्या वस्तू त्यांनी तीन खोल्यांत मांडल्या होत्या आणि दर रविवारी ते संग्रहालय लोकांना खुलं असे. मुलांना वस्तू हाताळू द्यायचं त्यांनी पत्राने कबूल केलं होतं. पण आज ते पुण्याला गेले होते आणि रखवालदाराला सांगायचं राहून गेलं होतं. मुलांबरोबर आलेल्या सहदेव मास्तरांनी ते पत्र पुढे केलं. भिवाजीला वाचता येत नव्हतं. मास्तर मुळातच भिडस्त. "मग परत फिरू या," ते पुटपुटले.

रांगेच्या शेवटी सोनाबाई होती, शाळेची स्वयंपाकीण. कडावची विधवा बाई. बेचाळीस साली बाँबच्या भीतीने ही शाळा मुंबईहून कर्जतला आली, तेव्हापासून ती या मुलांना रांधून घालत होती, मुलींच्या वेण्या घालत होती, कुणाला ताप आला तर उशाशी बसत होती. तीन वर्षांत मास्तरांच्या देखत ती कधी मोठ्याने बोलली नव्हती. आज पुढे आली.

"भाऊ, डोळ्यांनी बघता आलं आसतं तर आमी पाटंच्या गाड्या कशाला जुंपल्या आसत्या?"

"कायतरी मोडलं तर माजी नोकरी जाईल, बाय."

"नाय मोडत. ही पोरं आपल्यावानी धसमुसळी नाय. हातातली वस्तू पडली तर परत गावत नाय, ह्ये त्यांना ठावं हाय. हात मळके म्हनाल तर मी धुते."

उत्तराची वाट न बघता तिने मुलांना विहिरीवर नेलं. एकेकाचे हात धुतले, नखांतली माती काढली, पदराने कोरडे केले. भिवाजी बघत राहिला. शेवटच्या मुलाची पाळी आली तेव्हा त्याने काठी भिंतीला टेकवली.

"एकेक करून," तो म्हणाला. "आन् हळू."

पहिल्याच खोलीत पेंढा भरलेला वाघ होता. नऊ वर्षांच्या पारूने त्याच्या तोंडात हात घातला आणि ती खदखदून हसली. "बाई, ह्याची जीभ लाकडाची हाय!" मग सगळ्यांनाच ती जीभ बघायची होती. एक मुलगा मात्र पितळेच्या समईपाशी अडकला, तिचा एकेक कंगोरा मोजत बसला. थोड्या वेळाने भिवाजीच पोरांची मनगटं धरून त्यांना दाखवू लागला. "ह्ये त्याचं कान. हां, मिशीला वढू नगंस."

तिसऱ्या खोलीत एका लांबरुंद टेबलावर रावसाहेबांनी प्लॅस्टरचे डोंगर केले होते. साऱ्या मुलखाचा नकाशाच, उंचसखल.

"ह्यो घाट," भिवाजीने पारूचं बोट त्यावर टेकवलं. "खाली पळसदरी. हितं कर्जत. ह्या अंगाला कडाव."

पारूची बोटं कर्जतपासून निघाली, चढत चढत माथ्यावर गेली आणि पलीकडे घसरली. "सोनाबाई, डोंगर आसा आसतो? चढत जातो आन् येकदम पडतो?"

"आसाच गं."

"येवढाच?"

"नाय, लय मोठा," सोनाबाई म्हणाली.

तिचा लडकू हेच विचारायचा. तोही जन्माचा आंधळा. लावणीच्या दिवसांत ती त्याला बांधावर बसवायची. चिखलात पडू नये म्हणून पायाला दोरी बांधून ती झाडाला बांधायची. बाकीची पोरं डोंगरात करवंदं काढायला जायची. "आये, डोंगर केवढा आसतो?" "लय मोठा." "लय म्हंजी केवढा?" तिला सांगता यायचं नाही. "गप बस," म्हणून ती पुन्हा भाताच्या आवणात वाकायची. सातव्या वर्षी तो तापाने गेला. त्यानंतर सहाच महिन्यांनी कर्जतच्या स्टेशनावर ही शाळा उतरली.

मुलं व्हरांड्यात भाकरी खायला गेली. सोनाबाई टेबलापाशीच राहिली. तिने डोळे मिटले, कडाववर हात ठेवला आणि तिथून हळूहळू वर नेला. वाटेत दोनदा हात थांबला.

"बाय, तुमाला तर दिसतंय," दारातून भिवाजी म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली, पण तिने डोळे उघडले नाहीत.

दिवाळी झाली आणि शाळा मुंबईला परत गेली. लढाई संपली होती. तिकडे जुनी स्वयंपाकीण होतीच, त्यामुळे सोनाबाईला कुणी चला म्हटलं नाही. निघताना मास्तरांनी शाळेचा पत्ता एका कागदावर लिहून दिला, तेवढाच.

माघात तिच्या कानावर आलं, की पळसदरीच्या वरच्या वाडीत एक आंधळं पोर आहे. ती सकाळी निघाली, उन्हं चढेपर्यंत पोहोचली. जिजा नावाची बाई अंगणात नाचणी पाखडत होती. पाच वर्षांचा शुक्रा तिच्या पाठीला चिकटून बसला होता. सोनाबाईने शाळेचं सगळं सांगितलं. तिथे पोरं बोटांनी वाचतात, खुर्च्या विणतात, कुणी कुणाला बांधून ठेवत नाही. जिजाने सूप खाली ठेवलं नाही.

"येवढ्या लांब मी प्वार धाडू? तितं तुजं कोन हाय?"

सोनाबाईने शुक्राकडे पाहिलं.

"माजा लेक हाय," ती म्हणाली. "लडकू. बारावं सरल आता."

जिजाचे हात थांबले. तिने पहिल्यांदाच सोनाबाईकडे नीट पाहिलं.

"तुजा बी आंदळा?"

"जल्माचा."

"आन् वाचतो?"

"भराभर वाचतो."

जिजाने सूप बाजूला सारलं आणि बसायला घोंगडी टाकली. बराच वेळ ती शुक्राच्या डोक्यावरून हात फिरवत होती. मग तिने हळूच विचारलं, "तितं जेवतो ना नीट?"

"जेवतो," सोनाबाई म्हणाली, आणि शुक्राला जवळ ओढून तिने त्याचं नाक पदराने पुसलं.